चाळण, खराटा आणि एक रिकामा खण

माझी नोकरी नेमकी कसली, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत समजलं नाही. मी पुष्कळ प्रयत्न केले. वेबसाइटचं पान आतून कसं असतं, त्यात नको असलेलं सामान कसं साचत जातं, ते काढून टाकणारा प्रोग्रॅम मी कसा लिहिते, सगळं सांगून झालं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारच्या काकूंना सांगितलं, "आमची सुमन कंप्युटरातला केर काढती." इतकं शिकून सून केर काढते म्हटल्यावर काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून आठवते. पण माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मलाही पुढं कधी करता आलं नाही.

तर मी केर काढायची, आणि बरा काढायची. कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका मेडिकलच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. खाली औषधं, वर आम्ही. दाभोळे सर मालक, आणि आम्ही पाचसहा जण. तिथं माझ्या हाताला यश होतं, सरांचा विश्वास होता, खिडकीजवळची खुर्ची होती. एकच दुःख होतं. माझ्यापेक्षा चांगला केर काढणारी एक मुलगी माझ्याच शेजारी येऊन बसली.

तिचं नाव रेश्मा मुल्ला. या लेखात मी तिच्याबद्दल चांगलंच लिहिणार आहे, कारण वाईट लिहिण्यासारखं तिनं काही ठेवलं नाही. तेवढी सोयसुद्धा तिनं मला दिली नाही.

आधी धंदा काय तो सांगते, म्हणजे माझी जळजळ कशापायी होती ते कळेल. वेबचं पान आपल्याला दिसतं तसं आत नसतं. आत असतो नुसता मजकूर आणि जागोजागी खुणा. इथून ठळक सुरू, इथं ठळक संपलं, इथून तक्ता, इथं नवी ओळ. या खुणांना टॅग म्हणतात. एक प्रोग्रॅम त्या वाचतो आणि त्यांची वंशावळ मांडतो. पानाच्या पोटी तक्ता, तक्त्याच्या पोटी ओळी, ओळीच्या पोटी खण, खणाच्या पोटी शब्द. या वंशावळीला आमच्यात झाड म्हणतात. आमचं काम ते झाड उभं राहिल्यानंतरचं. ज्या फांदीला काही लागलेलं नाही ती छाटायची, एकात एक अडकलेल्या सोडवायच्या, आणि हे करताना जित्या फांदीला धक्का लागू द्यायचा नाही. हजारो पानांवर हे हातानं होत नाही. म्हणून छाटणीचे नियम एकदाच लिहायचे आणि कुठल्याही प्रोग्रॅमला ते वापरता येतील अशी त्यांची जुडी बांधून ठेवायची. त्या जुडीला लायब्ररी म्हणतात. सासूबाईंना मध्ये काही दिवस वाटत होतं की मी लोकांना पुस्तकं देते. तो गैरसमज मी मुद्दाम चालू दिला, कारण केरापेक्षा तो बरा होता.

कचरा येतो कुठून, असं कुणी विचारलं की मी जोतिबाच्या डोंगरावरच्या एका दुकानदाराची गोष्ट सांगते. गुलाल, नारळ, देवाच्या तसबिरी असं त्यांचं दुकान. नवराबायको दोघं मिळून दुकान बघायचे आणि दोघं मिळून आमच्याकडे यायचे. त्यांनी आपलं पान एका डीटीपीवाल्याकडून करून घेतलं होतं आणि ते उघडायला फार वेळ लागतो, अशी तक्रार होती. मी झाड उभं करून पाहिलं. दुकानाच्या नावाभोवती लाल रंगाचा टॅग होता. त्याच्याभोवती गुलाबी. गुलाबीभोवती परत लाल, मग पिवळा, मग परत गुलाबी. झालं होतं असं की वहिनी म्हणायच्या गुलाबी करा, दादा म्हणायचे लालच पाहिजे, आणि डीटीपीवाला बिचारा दर वेळी जुना रंग न काढता त्यावर नवा चढवायचा. पानावर दिसायचा फक्त एकच रंग. पण आत त्यांचं सगळं भांडण थरावर थर जपून ठेवलेलं होतं. मी ते साफ केलं आणि विचारलं, शेवटी कुठला ठेवू? दोघांनी एकाच वेळी दोन रंग सांगितले. मी पान काळ्या अक्षरात करून दिलं. दोघंही नाराज झाले, पण एकमेकांवर नाही.

अशा पानांसाठी मी चाळण लिहिली. माझ्या लायब्ररीचं नाव चाळण. परदेशात असल्या लायब्रऱ्या फुकट मिळत होत्या, मग आपली कशाला, असं सरांनी विचारलं होतं. मी त्यांना एक पान त्या परदेशी लायब्ररीतून काढून दाखवलं. मराठी पान आत गेलं आणि बाहेर आली ती इंग्रजी अक्षरांची खिचडी. कारण त्या काळी कंप्युटरवर मराठी म्हणजे नुसता मुखवटा होता. आत इंग्रजी अक्षरंच असायची, आणि फॉन्टचा टॅग त्यांना मराठीचा चेहरा चढवायचा. जगाच्या दृष्टीनं फॉन्टचा टॅग म्हणजे पहिल्या नंबरचा कचरा, दिसला की काढ. तो काढला की आमची भाषाच जायची. सर ते पान बघून म्हणाले, "सुमनताई, तुमची चाळणच बरी." ते वाक्य मी पुष्कळ दिवस पुरवून पुरवून वापरलं.

माझा स्वभावच काही टाकून न देण्याचा. फ्रिजमध्ये वाटीभर आमटी उरली तरी झाकून ठेवते. चाळणही तशीच झाली. शंका आली की ठेवून द्यायची. फॉन्टचे टॅग तर ती एकूणएक ठेवायची, रंगाच्या थरांसकट. आणि तक्त्यातल्या रिकाम्या खणांबाबत तिचा एक खास नियम होता. तो मी एका दंतवैद्यांमुळं शिकले. त्यांच्या पानावर आठवड्याचं वेळापत्रक होतं. गुरुवारी दवाखाना बंद, म्हणून गुरुवारचा खण कोरा. मी कोरा खण कचरा समजून काढला. त्याबरोबर शुक्रवारची वेळ सरकून गुरुवाराखाली आली आणि बंद दवाखान्याच्या पायरीवर गाल सुजलेली माणसं येऊन बसली. तेव्हापासून चाळणीचा नियम असा, की नुसता खण बघून तो रिकामा ठरवायचा नाही. वरपासून खालपर्यंत तो अख्खा रकाना बघायचा. सगळाच कोरा असेल तर शोभेचा, काढा. दुसऱ्या एखाद्या ओळीत तिथं काही लिहिलेलं असेल, तर हा कोरेपणाही कुणीतरी लिहिलेला आहे, ठेवा. नियम चांगला होता, पण प्रत्येक तक्ता पुन्हा पुन्हा पालथा घालावा लागायचा. त्यामुळं चाळण हळू चालायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं. चाळण कुणी पळवत नाही.

मग रेश्मा आली. कसबा बावड्याची. वडील साखर कारखान्यात फिटर. आमच्याकडच्या बायका बोलतात तशी ती "मी करतो, मी जातो" असंच बोलायची, सरांशीही आणि गिऱ्हाइकांशीही. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या डब्यातली भेंडी संपवली आणि माझ्या चाळणीतली चूक काढली. चूक अशी, की मी टॅगच्या पोटची मुलं मोजत मोजत पुढं जायची आणि नको असलेलं मूल जागच्या जागी काढून टाकायची. पंगतीत तुम्ही वाढत चालला आहात आणि मधल्याच एकाला उठवलं, तर पुढचा त्याच्या पाटावर सरकतो. तुम्ही मात्र पुढच्या पाटाशी गेलेल्या. तो सरकलेला तसाच राहतो. लागोपाठ दोन कचरे आले की माझी चाळण दुसरा सोडायची. या धंद्यात पडलेला प्रत्येक जण ही चूक कधी ना कधी करतो. पण मला ती वर्षानुवर्षं दिसली नव्हती, आणि तिला भेंडी खाताखाता दिसली.

"ताई, शेवटाकडनं मोजत या की," ती म्हणाली. "मग कुणी सरकंना का."

इतकं सोपं होतं. मी हसून तिचे आभार मानले आणि घरी जाऊन यांच्याशी कारण नसताना भांडले.

वर्षभरात तिनं स्वतःची लायब्ररी लिहिली. तिचं नाव खराटा. सासूबाईंना मी वैतागून एकदा सांगितलं, की ती रेश्मा आहे ना, तिनं खराटा केलाय. त्या म्हणाल्या, "खराटा म्हटलं की कसं लगेच कळतं." चाळणीचं त्यांना कधीच काही कळलं नव्हतं.

खराट्याबद्दल मला खरं ते लिहिलं पाहिजे. तो सुंदर होता. मी जिथं पानभर लिहायची तिथं ती चार ओळी लिहायची, आणि त्या वाचताना कुठं अडखळायला होत नसे. फॉन्टच्या टॅगचं तिनं जे केलं ते मला सुचायला हवं होतं. सगळे थर उलगडायचे, रंग आणि आकार फेकून द्यायचे, आणि फक्त मराठीचा मुखवटा तेवढा उचलून थेट शब्दांना नेऊन लावायचा. पान हलकं, आणि मराठी शाबूत. मी तिचा तो भाग ऑफिसात कुणी नसताना उघडून वाचायची. एखाद्या बाईनं आपल्यापेक्षा चांगली पुरणपोळी केली, तर खाताना जसं वाटतं तसं व्हायचं. घास गोड लागायचा आणि पुढं गिळवत नसे. त्यात ती संध्याकाळी साडेपाचला उठून बावड्याची बस पकडायची. मी बसायची उशिरापर्यंत. ती राबली असती, रडकुंडीला आली असती, तर मी तिला माफ केलं असतं.

आमच्याकडे मोठं काम आलं ते एका साप्ताहिकाचं. कोल्हापुरातलं जुनं साप्ताहिक. त्यांची सगळी पानं जुन्या पद्धतीनं, निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या फॉन्टांत केलेली. ती झाडून पुसून नव्या साइटवर न्यायची होती. हे काम ज्या लायब्ररीतून होईल तीच पुढं ऑफिसची लायब्ररी राहणार, हे सगळ्यांना कळत होतं. चाळण हे माझ्या नावावरचं एकुलतं एक काम होतं. बाकी मी जे काही केलं ते गिऱ्हाइकांच्या नावावर गेलं. सरांनी तोडगा काढला, की तीच पानं दोन्हीतून काढू आणि बघू.

बघितलं. माझी चाळण पहिल्या खेपेला अजून तक्ते तपासत होती तेव्हा खराट्याचं सगळं संपून रेश्मा चहा सांगायला खाली गेली होती. पानंही तिचीच हलकी. सर माझ्याकडे बघेनात. मग म्हणाले, "सुमनताई, तुम्हीच सांगा काय करू." हे त्यांनी विचारायला नको होतं. मी म्हटलं, खराटा घ्या. चांगल्या घरातल्या बाईनं जसं म्हणायचं तसं म्हटलं. रेश्मा चहा घेऊन वर आली, तिला कळलं, आणि तिनं सगळ्यांत आधी कप माझ्या हातात दिला. तो चहा मला आजही कडू आठवतो, आणि आमच्याकडे चहात साखर कधी कमी नसायची.

साप्ताहिकाची नवी साइट सुरू झाली. कौतुक झालं. आणि मी वाट बघू लागले. कसली, ते मला माहीत होतं. खराटा रिकामे खण ठेवत नव्हता. दिसला कोरा की काढ. बहुतेक पानांवर ते बरोबरच होतं, कारण त्या दिवसांत लोक तक्ते नुसते शोभेला आणि जागा भरायला वापरत. पण कुठंतरी एक खरा तक्ता असणार होता. तो कुठं आहे हे मला ठाऊक नव्हतं, पण तो आहे या कल्पनेनं मला रात्री शांत झोप लागायची.

तो निघाला कुस्तीच्या पानावर.

एके दिवशी सकाळी जिन्यावर जड पावलं वाजली आणि एक वस्ताद वर आले. फेटा, पांढरी मिशी, मोडलेले कान. त्यांच्या मागून एक पंचेचाळिशीचा माणूस लंगडत, कठडा धरत आला. तो बबन. मूळचा जयसिंगपूरकडचा, आता बावड्याच्या कारखान्यात वॉचमन. दोघं आधी साप्ताहिकाच्या कचेरीत गेले होते आणि तिथून त्यांना आमचा पत्ता मिळाला होता. सरांनी खुर्च्या दिल्या. वस्ताद बसले नाहीत.

साप्ताहिकात तालमींचे जुने निकाल यायचे, त्यांचे तक्ते होते. पहिल्या रकान्यात तालमीचा मल्ल. दुसऱ्यात, त्यानं कुणाला पाडलं त्याचं नाव. तिसऱ्यात, तो कुणाकडून पडला त्याचं नाव. जिंकला असेल तर तिसरा खण कोरा, हरला असेल तर दुसरा कोरा. आता खराट्यानं काय केलं असेल ते वाचकांच्या ध्यानात आलं असेल. कोरा दुसरा खण गेला, आणि तिसऱ्यातलं नाव सरकून दुसऱ्यात आलं. ज्या ज्या कुस्तीत वस्तादांचे मल्ल हरले होते, त्या सगळ्या ते जिंकले. त्या पानावर त्यांच्या तालमीचा एकही मल्ल कधी पडलेलाच नव्हता.

सरांना आधी वाटलं की वस्ताद खूश होऊन आले आहेत. ते तसं काहीसं बोललेही. वस्तादांचा आवाज एकदम चढला.

"माझी पोरं कुणाकुणाकडनं पडली त्ये का पुसलंसा? ज्यानं पाडलं त्येचं नाव गेलं की वो. पडल्यालं लिवलं न्हाय तर जितल्यालं कोण खरं मानंल?"

मग त्यांनी बबनकडे हात केला. वस्तादांचा सगळ्यांत नावाजलेला मल्ल म्हणजे आण्णाप्पा. आण्णाप्पाला बबननं पाडलं होतं. दोघं वेगळ्या तालमींचे, आणि त्या कुस्तीनंतर थोड्याच दिवसांत बबनचा पाय अधू होऊन कुस्ती सुटली. बबनच्या मेहुण्याचं जयसिंगपुरात नेट कॅफे होतं. त्यानं कौतुकानं ते पान उघडून दाजींना दाखवायला बोलावलं, आजूबाजूचेही चार जण जमवले, आणि पानावर निघालं की आण्णाप्पानं बबनला पाडलं. बबन तिथून उठून थेट वस्तादांकडे गेला होता. म्हणजे ज्या तालमीच्या मल्लाला त्यानं पाडलं, त्याच तालमीच्या वस्तादांकडे. आणि वस्ताद त्याला घेऊन आमच्याकडे आले होते.

आता बबन खाली बघत म्हणाला, "माझी एकच कुस्ती हाय सांगण्यासारखी. बाकी काय न्हाय."

मी मनातल्या मनात या क्षणाची किती वेळा तयारी केली होती. सर विचारणार, चूक कुणाची, आणि मी काही न बोलता खिडकीबाहेर बघणार. पण मला खिडकीकडे बघायलाही सवड मिळाली नाही. रेश्मा उठली.

"माझी चूक हाय, वस्ताद," ती म्हणाली. "मी लिहिलाय त्यो प्रोग्रॅम. मला कुस्तीचं काय कळत न्हाय आणि मी इच्यारलं पण न्हाय कुणाला."

वस्तादांनी तिच्याकडे नीट बघितलं. कुणाची पोरगी विचारलं. बावड्याच्या मुल्ला फिटरची म्हटल्यावर त्यांचा आवाज निम्म्यावर आला. ते बसले. तिनं पाणी आणून दिलं, आण्णाप्पाची आणि बबनची कुस्ती कुठल्या डावावर संपली ते विचारलं, आणि वस्ताद हातवारे करून तिला घिस्सा डाव समजावून सांगू लागले. बबनही हळूहळू बोलायला लागला. मी बघत राहिले. चूक तिची, आणि माया पण तिलाच. पुढच्या आठवड्यात वस्तादांनी खारीक-बदामाची पुडी पाठवली तीसुद्धा तिच्याच नावानं.

सर मला बाजूला घेऊन गेले. म्हणाले, सगळं काम परत चाळणीतून काढू या का? जे मला हवं होतं ते माझ्या पुढ्यात आणून ठेवलं होतं. मी फक्त हो म्हणायचं होतं. किती दिवस लागतील, त्यांनी विचारलं. मला माहीत होतं. चाळणीतून सगळी पानं नव्यानं काढायची, फॉन्टचे थर तसेच राहणार, साइट परत जड होणार, आणि कुस्तीचं पान येईपर्यंत महिना सहज जाणार. रकान्याचा माझा नियम उचलून खराट्यात घातला, तर संध्याकाळच्या आत सगळं नीट होणार होतं. पण तो नियम सोडला तर चाळणीत खराट्याहून चांगलं काही उरत नव्हतं. मग चाळण कशाला?

मी परत आत आले तेव्हा रेश्मा माझ्या खुर्चीजवळ उभी होती.

"ताई, तुमचा त्यो रकाना बघायचा नियम मला द्या," ती म्हणाली. आडपडदा नाही, लाजणं नाही. मीठ मागावं तसं.

पलीकडे बबन त्याच्या खुर्चीवर बसून होता. पान नीट झालेलं बघितल्याशिवाय तो जाणार नव्हता, हे त्याच्या बसण्यावरून दिसत होतं. मी माझी खुर्ची तिच्या टेबलाकडे ओढली.

दुपारभर आम्ही शेजारी बसलो. मी सांगायची, ती लिहायची. माझ्या लांबलचक नियमाचं तिच्या हातून एवढंसं काहीतरी झालं, आणि ते माझ्याहून जलद चालत होतं, कारण ती प्रत्येक रकाना एकदाच बघून लक्षात ठेवत होती. तेही मला सुचायला हवं होतं. तिची एक पद्धत होती, की जी चूक झाली तिचं एक छोटं पान करून ठेवायचं, आणि लायब्ररीत कुणी कधी काही बदललं की आधी त्या पानावर ती चालवून बघायची. पान बिघडलं तर बदल परत घ्यायचा. हे पान मात्र ती म्हणाली, ताई, तुम्हीच करा. मी केलं. एक तक्ता, एक हेडिंगची ओळ, एक जिंकलेल्या कुस्तीची, आणि खाली आण्णाप्पाची ओळ. आण्णाप्पा, मग कोरा खण, मग बबन.

संध्याकाळी आम्ही साप्ताहिकाचं पान उघडून बबनला दाखवलं. त्यानं पडद्याजवळ तोंड नेऊन आपलं नाव वाचलं, मग वरचं हेडिंग वाचलं, मग परत नाव वाचलं. वस्तादांनी आपल्या मल्लांची पडलेली नावं एकेक करून मोठ्यानं वाचली आणि मान हलवली. जाताना बबननं दोघींनाही नमस्कार केला. मला आधी केला, हे मी लक्षात ठेवलेलं आहे.

चाळण त्यानंतर कुणी वापरली नाही. रेश्मा पुढं पुण्याला गेली, तिथून परदेशात. जाण्याआधी सरांना विचारून तिनं खराटा सगळ्या जगाला फुकट वापरायला मोकळा केला. फॉन्टचे मुखवटे जाऊन मराठीला खरी अक्षरं मिळाली, तरी खराटा चालत राहिला. कुठले कुठले लोक तो वापरत आणि तिला आभाराचं लिहीत. मी राजारामपुरीतच, त्याच खिडकीपाशी. अधूनमधून मी ते आभार उघडून वाचायची. एखाद्यानं तिचं नाव चुकीचं लिहिलेलं असलं, की जरा बरं वाटायचं.

दोनहजारच्या दशकाच्या अखेरीस केव्हातरी तिचा फोन आला. इतक्या वर्षांनी, परदेशातून, पण आवाज तसाच मोठा, जणू खालच्या मेडिकलमधून बोलतेय. तब्येत, सासूबाई, दाभोळे सर, सगळं झालं. मग म्हणाली, "ताई, आज लई दिवसांनी खराटा उघडून बघिटला. माझी एक ओळ ऱ्हायली न्हाय त्यात. आता त्यो सांभाळणाऱ्या पोरांनी सगळं नव्यानं लिहिलंय."

मी म्हटलं, अगं बाई.

"तुमचं पान तेवढं हाय. बबन आणि आण्णाप्पा. ती नावं काय हायती, एकाला पण म्हाईत न्हाय. पण काय पण बदललं की आधी त्ये पान चालवत्यात. माझं सगळं गेलं आणि तुमचा रिकामा खण ऱ्हायला." ती मोठ्यानं हसली. "लई जळलो तुमच्यावर. खरंच सांगतो. दुपारी जेवण गेलं न्हाय मला."

मी फोन ठेवला. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण तो नीट होईना. मी तिच्या शेजारी बसले, तिच्या ओळी चोरून वाचल्या, तिच्या चुकीची वाट बघितली, तिच्यापायी घरात भांडले, आणि या सगळ्या काळात एकदाही तिला सांगू शकले नाही, की मी तुझ्यावर जळते. तिनं मात्र एका फोनमध्ये ते सांगितलं, हसत हसत, आणि मोकळी झाली. वस्ताद म्हणाले होते, पडलेलंही लिहायला पाहिजे. म्हणून हे लिहून ठेवते आहे: मी रेश्माकडून पडले. हेवा करण्यातसुद्धा.